घोडीची परतीची झूल

२९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला, तेव्हापासून आम्ही नागपूरकर उन्हाळ्याइतकाच थंडीचाही तोरा मिरवतो. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाला आलेले पाहुणे तर सत्कारात शाली घेऊन घेऊनच ऊबदार होतात. थंडी वाजते ती वरातीच्या घोडीला.

म्हणजे वरातीत तिच्या अंगावर जरीची मखमली झूल असते. पण नवरदेव उतरला रे उतरला, की मालक आधी झूल उतरवतो आणि घडी करून गाठोड्यात बांधतो. मखमलीला दव लागायला नको! डीजेपुढे तीन तास घामेजलेली घोडी मध्यरात्री उघड्या पाठीने घरी.

तिच्यासाठी स्वस्तातलं पांघरूण बघायला गांधीबागेत गेलो. दुकानदाराने विचारलं, "सिंगल की डबल?" मग गुलाबाच्या फुलांचं मिंक ब्लँकेट दाखवलं. फुलं सुरेख होती. पण त्यात घाम कोंडतो, आणि ओली पाठ थंडीपेक्षा वाईट.

घोडीवाल्याने ब्लँकेटचा फोटो बघितला आणि हसला. "भाऊ, हे तुमच्यासाठीच ठेवा. तिले आधी कोरडं पुसा लागते, मंग दोन पोते शिवून टाका. अन् रातच्याले कडबा जास्त." बरोबरच आहे. कडबा पचताना पोटातच शेगडी पेटते, आणि हिवाळ्यात वाढलेली दाट लव ही तिची फुकटची रजई.

तेव्हा वरपित्यांनो, घोडीचा भाव पाडताना दोन पोत्यांचे पैसे तेवढे सोडा.