साडूचा तंबू

आमच्या साडूंकडे एक नव्हे, दोन तंबू आहेत, ही माहिती आमच्यापर्यंत फार उशिरा पोचली. काजवे बघायला भंडारदऱ्याला निघालो तेव्हा आमची सगळी भिस्त एकाच तंबूवर होती. "सहा माणसं आरामात झोपतात, दहा मिनिटांत उभा राहतो," असं सांगून साडूंनी एक लांबोडी पिशवी डिकीत कोंबली आणि स्वतः मात्र घरीच राहिले. त्यांच्या गुडघ्याचं काहीतरी होतं.

मे सरता सरता, पाऊस यायच्या आत, भंडारदऱ्याच्या रानातले हिरडे, बेहडे, सादडे रात्री काजव्यांनी लखलखतात. त्या दिवसांत दर शनिवारी निम्मी मुंबई आणि पाऊण पुणं तिथे लोटतं. आम्ही कसारा घाट चढून घोटीला वळलो. बारीपाशी गाडी थांबवून कळसूबाईकडे मान वर करून बघितलं. "१,६४६ मीटर," भाची म्हणाली. "पुढच्या वेळी," बाकी सगळे एका सुरात म्हणाले. शेंडी गाठेपर्यंत उन्हं उतरली होती. रतनवाडीच्या रस्त्याला एका शेतकऱ्याच्या घराखाली, जांभळाच्या झाडाशी जागा मिळाली. त्याचे भाड्याचे तंबू शेजारीच होते, उभे केलेले, आत गाद्यासुद्धा घातलेले. "आमचा आमच्याकडे आहे," माझा मेहुणा ताठ मानेने म्हणाला. शेतकऱ्याने आमच्या पिशवीकडे एकवार बघितलं आणि अंगणातली बाज आमच्या दिशेला फिरवून तिच्यावर ऐसपैस बसला.

मेहुणा सिव्हिल इंजिनियर. पंचेचाळिशी उलटली तरी घरात सगळ्यांचा बाळ्याच. वाटेत धरणाची भिंत दिसल्यापासून त्याला बोलायचा हुरूप आला होता. "१९१०ला काम काढलं, १९२६ला पुरं केलं. आख्खं दगडी बांधकाम! एक इंच इकडचा तिकडे नाही." तो इंच पुढे आमच्याच वाट्याला आला.

तंबूचे दांडे म्हणजे हातभर लांबीच्या फायबरच्या पोकळ नळ्या. एकेका नळीच्या तोंडाशी धातूची टोपी, तिच्यात पुढची नळी बसायची, आणि सगळ्यांच्या पोटातून एक इलॅस्टिकची दोरी. नुसता झटका दिला की नळ्या पटापट एकमेकींत बसतात, असं साडूंनी हवेत हात करून दाखवलं होतं. बाळ्याने झटका दिला. नळ्या लोंबकळल्या. अजून जोरात दिला, तेव्हा एक नळी माझ्या चष्म्यावर आली.

सासूबाई चटईवर बसून भेळेचे कांदे चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. "अरे बाळ्या, नाडी सैल झालीय त्याची. आण इकडे." त्यांनी टोकाची गाठ दातांनी सोडवली, वीतभर दोरी ओढून घेतली, नवी गाठ मारली आणि दांडा परत दिला. नळ्या खटाखट बसल्या. "अजून ताणा ना," बाळ्या म्हणाला. "फार ताणली तर उद्या घडी कशी घालशील? टोपीपाशी फुटेल," असं म्हणून त्या पुन्हा कांद्यांकडे वळल्या. त्या संध्याकाळी पहिल्या फटक्यात झालेलं काम एवढं एकच.

मग दांडे कापडाच्या बोळातून घालायचा कार्यक्रम. इथे दांडा ढकलायचा असतो, ओढायचा नसतो. ओढला की बोळाच्या मधोमध सांधा सुटतो आणि कापडावरून चाचपत तो शोधत बसावं लागतं. या टोकाला मी, त्या टोकाला ही.

"अहो, ढकला!"

"ढकलतोच आहे. तू ओढतेयस."

"मी नुसतं धरलंय!"

या संवादात अंधार पडला. मी मोबाइलचा टॉर्च लावला, तर शेजारच्या तंबूंतून आरडाओरडा झाला, "लाइट बंद करा! काजवे बिथरतात!" खरं आहे ते. त्यांची सगळी सोयरीक त्या लुकलुकण्यावर ठरते, परक्या उजेडात त्यांना एकमेकांचा इशारा कळत नाही. तेव्हा त्यांच्या संसारासाठी आम्ही आमचा तंबू चाचपडत उभारायला घेतला.

पांढरा दांडा नीट बसला. करडा मात्र कोपऱ्यातल्या खिळ्यापर्यंत यायलाच तयार नाही. तो वाकायच्या ऐवजी नागमोडी होऊ लागला. बाळ्याने गुडघा टेकवून, दात आवळून तो कसाबसा बसवला, तर पलीकडचा कोपरा मेखेसकट उपटून वर आला. तंबू खांबाशी थांबलेल्या कुत्र्यासारखा तीन पायांवर उभा. शिवाय बाळ्याच्या तळहातात फायबरचं कुसळ गेलं ते वेगळंच.

भाचीचं म्हणणं, सांधेच पुरते बसले नसतील. एकेका सांध्यात बोटभर फट राहिली तरी दांडा वाढतो. मुलगी हुशार आहे. तिने एकेक सांधा दाबत नेला, दांडा चार बोटं कमी झाला, पण तरी पुरून उरला. मग बाळ्या काटकी घेऊन मातीत गणिताला बसला. तळ आठ फूट चौरस, म्हणजे कर्ण सव्वाअकरा. मधली उंची साडेचार. कमानीची लांबी पंधरा ते सोळा फूट. सासूबाईंनी तोवर दांडा हाताने मोजला होता: अकरा हात भरला. "म्हणजे निदान सहा इंच जास्त!" बाळ्या विजयाने म्हणाला. "ते मघापासून दिसतंय की," सासूबाई म्हणाल्या.

फोनला रेंज मिळाली ती वर रस्त्यावर. "करडा? करडा आपल्या आठ माणसांच्या तंबूचा," साडू म्हणाले. "म्हणजे तुमच्याकडे दुसरा..." एवढं मी म्हणेपर्यंत रेंज गेली. की त्यांनीच फोन ठेवला?

मला तर वाटतं, या घुमटी तंबूंपेक्षा वारीतली राहुटी शहाणी. तिचा बांबू सरळ उभा. तो वीतभर उंच झाला तर दोऱ्या सैल सोडाव्यात, बुटका निघाला तर आवळाव्यात. सगळी कमीजास्त दोरी पोटात घेते. घुमटात दांडा कापडाला ताणतो आणि कापड दांड्याला वाकवतं. दोघांचं जमलं तर ठीक, सहा इंचांनी फिसकटलं तर मध्यस्थी करायला कुणीच नाही.

शेवटी शेतकरी बाजेवरून उठला. त्याने करडा दांडा उपसून बाजूला टाकला, पांढऱ्याच्या माथ्याला दोरी बांधली, ती जांभळाच्या फांदीवरून घेतली, खेचली आणि खोडाला दोन वेढे दिले. तंबू उभा.

"याला स्ट्रक्चर म्हणत नाहीत," बाळ्या पुटपुटला. "हे टांगणं झालं."

"व्हय, पन झोपाय येतंय," शेतकरी म्हणाला.

काजवे बघितले. आख्खं झाड एका दमात उजळतं आणि एका दमात विझतं. त्यावर लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलंय. सासूबाई शेतकऱ्याच्या पडवीत झोपल्या, ही आणि मुलं भाड्याच्या तंबूत, गादीवर. आमच्या तंबूत बाळ्या आणि मी. डोंगरावरून वारा सुटला की फांदी हले, फांदी हलली की छत वर जाई, आणि दर वेळी बाळ्या अंधारात म्हणे, "भाऊजी, झोपलात? मी सांगत होतो."

सकाळी आवराआवर चालली असताना शेतकऱ्याने करडा दांडा उचलून वाकवून बघितला. "ह्यो ठिवून जाता का? पावसात दोडक्याच्या वेलाला होईल." साडूंच्या वस्तूबद्दल माझ्या तोंडून काही निघायच्या आत ही म्हणाली, "घ्या हो, खुशाल घ्या." बाळ्याने मात्र तो असा सोडला नाही. दांडा कसा जोडायचा, सांधे कसे दाबायचे आणि ओढण्याऐवजी तो ढकलायचा का, हे सगळं त्याने त्या माणसाला अंगणात उभं करून सविस्तर समजावलं. तो माणूसही "बरं, बरं" म्हणत शेवटपर्यंत ऐकत होता. आमचे पैसे अजून द्यायचे होते.