पुढे खोटारडा आहे

‘एल्डन रिंग’ या खेळाबद्दल एकच गोष्ट निर्विवाद आहे. खेळ सुरू झाल्यावर जो पहिला राक्षस भेटतो, तो तुम्हाला मारतो. नवखे असाल तर दोन मिनिटांत मारतो. तरबेज असाल आणि चुकून त्यालाच लोळवलंत, तर पुढे गेल्यावर पायाखालचा कडा ढासळतो आणि तुम्ही पडून मरता. मरण टळत नाही, फक्त थोडं चालावं लागतं. याउपर या खेळाबद्दल जगात जे काही बोललं जातं, ते सगळं मत आहे.

मतं किती असावीत? खेळ बाजारात आला २५ फेब्रुवारी २०२२ रोजी आणि पहिल्या तीन आठवड्यांत त्याच्या एक कोटी वीस लाख प्रती गेल्या. म्हणजे तेवढी मतं तर तेव्हाच तयार झाली. शिवाय न खेळलेल्यांची वेगळी. टोकियोच्या ‘फ्रॉमसॉफ्टवेअर’ कंपनीचा हा खेळ. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. त्यातल्या राजघराण्याचा पूर्वेतिहास लिहिला जॉर्ज मार्टिन यांनी, ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाले तेच. त्यांच्या स्वतःच्या मालिकेतलं शेवटचं पुस्तक २०११ साली आलं, पुढच्याची वाट बघून वाचक म्हातारे होत चालले, आणि मार्टिनसाहेब इकडे जपान्यांच्या राक्षसांची वंशावळ लावून देत होते. यावरही लोकांचं मत आहे. ते छापण्यासारखं नाही.

माझ्या घरी हा खेळ भाच्यामुळे आला. तो हिंजवडीत नोकरीला आहे. त्यानं नवा प्लेस्टेशन घेतला आणि जुना मामाला दिला, ‘टाइमपास होईल तुझा’ म्हणून. आता या वयात मला टाइमपास कमी पडतो असं नाही, पण फुकट आलेली वस्तू नाकारायचं वळण आमच्या घराण्यात नाही. परिणामी आमच्याकडे रात्रीच्या जेवणाची वेळ घड्याळावर ठरत नाही. स्वयंपाकघरातून हिचा आवाज येतो, “अहो, मेलात का? मेला असाल तर पानं घेते.” पहिल्यांदा ही हाक आली तेव्हा शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. त्या तशाच वाटी घेऊन परत गेल्या.

तर मतं. या खेळाच्या जुन्या भक्तमंडळींत सोवळं-ओवळं फार कडक आहे. तुम्ही राक्षस मारलात एवढं पुरत नाही. कशानं मारलात, हे आधी विचारतात. तलवारीनं मारलात तर उत्तम. हातात ढाल असली तर किंचित विटाळ. लांबून जादू फेकून मारलात तर तुम्हाला पंगतीत बसवतात, पण कडेला. आणि राख उधळून भुतं मदतीला बोलावलीत, तर विषयच संपला. त्यातही ‘मिमिक टिअर’ नावाची एक राख आहे. ती वापरली की हुबेहूब तुमच्यासारखाच दुसरा योद्धा उभा राहतो, आणि दोघं मिळून राक्षसाला बडवता. माझ्या मते या खेळातली ही सर्वांत माणुसकीची सोय आहे. भाच्याला फोन करून आनंदानं सांगितलं, तर तो म्हणाला, “मामा, ते धरत नाहीत.”

“कोण धरत नाही?”

“म्हणजे... तसं कोणी नाही. पण धरत नाहीत.”

राक्षसाला मात्र सोवळ्यातला मार आणि ओवळ्यातला मार यांतला भेद कळत नाही. तो दोन्हीनं मरतो, आणि बक्षीसही दोन्हींना सारखंच देतो.

या सोवळ्यात एक मौज आहे. खेळात मलेनिया नावाची एक तलवारबाज बाई आहे. तिचा प्रत्येक वार तुम्हाला लागला की तुमचं रक्त कमी होतं ते होतंच, वर तिचं वाढतं. हात, पाय आणि अब्रू गमावल्याशिवाय तिच्यासमोरून कोणी परतत नाही. वास्तविक तिला न भेटताही खेळ पुरा होतो. ती वाटेत नाही. मुद्दाम आडवाट करून, कोडी सोडवून लोक तिच्याकडे मरायला जातात. तर २०२२ साली एक खेळाडू अवतरला. अंगावर लंगोटीवजा काहीतरी, डोक्यावर मडकं, दोन्ही हातांत जपानी तलवारी. ज्यांना मलेनिया आवरत नाही त्यांच्या हाकेला तो धावून जायचा, त्यांना एका बाजूला उभं करायचा आणि तिला एकटा मारायचा. शेकडो वेळा. त्याची कीर्ती एवढी झाली की प्रकाशक कंपनीनं त्याला खरीखुरी तलवार भेट पाठवली. आता बघा, मदतीला हाक मारणारा ओवळा, आणि त्या हाकेला ओ देणारा मात्र संत. हे शास्त्र मला अजून उलगडलेलं नाही. भाच्यालाही नाही, पण त्याला ते पटलेलं आहे.

बरं, या देवळाचा जो मूळ बांधणारा, तो काय म्हणतो? मियाझाकींनी मुलाखतीत सांगून टाकलंय की आपण खेळात अगदीच सुमार आहोत, आणि खेळताना मिळेल ती मदत, मिळेल ती वस्तू वापरतो. यावर भक्तमंडळी गप्प आहेत.

सुमार खेळाडूंना हे मियाझाकी आपले वाटावेत अशी त्यांची कथाही आहे. गृहस्थ आधी एका सॉफ्टवेअर कंपनीत चांगल्या नोकरीत होते. ती सोडून, कमी पगारावर, एकोणतिशीत ते २००४ साली या धंद्यात आले. हाताशी आला फ्रॉमसॉफ्टवेअरमधला एक रखडलेला, कोणाला नको असलेला प्रकल्प. त्याचा २००९ साली ‘डेमन्स सोल्स’ झाला. तेव्हा सोनीचे बडे अधिकारी शुहेई योशिदा यांनी तो स्वतः खेळून पाहिला. दोन तास खेळूनही ते सुरुवातीच्याच भागात अडकून राहिले, आणि खेळ भिकार आहे असं त्यांचं मत झालं. सोनीनं तो अमेरिकेत स्वतः काढलाच नाही. ‘अ‍ॅटलस’ नावाच्या दुसऱ्या कंपनीनं काढला आणि खपवला. पुढे २०२० साली प्लेस्टेशन ५ बाजारात आला, तेव्हा त्याच्या सोबत मिरवायला सोनीनं याच खेळाची नवी आवृत्ती आणली. अकरा वर्षांत खेळ तोच राहिला, तेवढाच जीवघेणा. बदललं ते मत. योशिदांचा मात्र मला राग येत नाही. दोन तास सुरुवातीलाच मरत राहून ‘वा, काय कलाकृती आहे’ म्हणणारा अधिकारी मी सरकारी किंवा खासगी, कुठल्याच कचेरीत पाहिलेला नाही.

‘सोपा पर्याय द्या’ म्हणणारे आणि ‘दिलात तर आमच्या कष्टांचं काय’ म्हणणारे यांचं भांडण जुनं आहे. २०१९ साली फ्रॉमसॉफ्टवेअरचा ‘सेकिरो’ आला तेव्हा ते अगदी हातघाईवर आलं होतं. माझं त्यात म्हणणं एवढंच की दुसऱ्याला सोपं गेल्यामुळे माझं मरण स्वस्त होत नाही. ते मुळात फुकटच आहे.

रादानचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं. रादान हा या खेळातला एक सेनापती. देह एखाद्या दुमजली घराएवढा, आणि बसतो लेनर्ड नावाच्या मरतुकड्या तट्टावर. कथा अशी की लहानपणापासूनचा हा घोडा आपल्या वजनानं सुटू नये, म्हणून त्यानं गुरुत्वाकर्षणाची विद्या शिकून घेतली. हे कळल्यावर मला त्याला मारायचं जिवावर आलं. सुदैवानं तो प्रश्न त्यानं माझ्यापुरता बरेच दिवस सोडवला होता. तो पहिल्याच बाणात माझा निकाल लावायचा. जगभर हीच रड चालली होती. मग मार्च २०२२ मध्ये कंपनीनं खेळात दुरुस्ती केली आणि रादान एकदम मवाळ झाला. झालं! ज्यांनी तो आधी मारला होता, ते स्वातंत्र्यसैनिकांच्या थाटात बोलू लागले. ‘कधी मारलास? दुरुस्तीच्या आधी की नंतर?’ हा प्रश्न लग्नाच्या स्थळाला पगार विचारावा तसा विचारला जाऊ लागला. आणि एप्रिलमध्ये कंपनीनं जाहीर केलं की त्याच्या काही वारांतला जोर चुकून कमी झाला होता, तो आता पूर्ववत केला आहे. म्हणजे मधल्या काळात ज्यांनी रादानला मारलं, त्यांनी एका आजारी माणसाला मारलं. त्यांची आज काय मनःस्थिती असेल? भाचा त्यांतलाच. मी हा विषय त्याच्या आईसमोर काढत नाही, तो त्याला वेळोवेळी ऐकवायला राखून ठेवला आहे.

जून २०२४ मध्ये पुरवणी खेळ आला, ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. खेळाडूंची मतं मात्र निम्मी इकडे, निम्मी तिकडे. फार कठीण, फार कठीण! वास्तविक कंपनीनं त्या नव्या प्रदेशात जागोजागी झाडाचे सोनेरी तुकडे ठेवले होते. ते गोळा केले की अंगात बळ येतं. पण लोक तुकडे बाजूला सारून थेट मोठ्या राक्षसाच्या दारात उभे राहिले आणि भुईसपाट झाले. शेवटी प्रकाशकांना सांगावं लागलं की बाबांनो, ते तुकडे वेचा, ते तुमच्यासाठीच ठेवले आहेत. पाठोपाठ पहिल्या काही तुकड्यांचं बळ वाढवून दिलं. वाटेतलं न बघता पुढे धावायचं आणि आपटल्यावर रस्त्याला नावं ठेवायची, हे लोक मला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येही भेटतात.

पण ही सगळी मतं मी ऐकतो ती करमणूक म्हणून. या खेळाबद्दलची खरी मतं खेळाच्या आतच असतात, जमिनीवर लिहिलेली. ही सोय ‘डेमन्स सोल्स’पासूनची. खेळाडू चालता चालता कुठेही संदेश लिहून ठेवू शकतो, आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी खेळात, त्याच जागी, चमकताना दिसतो. अट एकच. मनाला येईल ते लिहिता येत नाही. ठरलेले साचे आहेत, ठरलेले शब्द आहेत, त्यांतूनच जुळवायचं. त्यामुळे जपानी माणसानं लिहिलेलं पोलंडच्या माणसाला त्याच्या भाषेत दिसतं. (खेळाच्या भाषांत थाईसुद्धा आहे. मराठी नाही. हिंदीही नाही, म्हणून आपण गप्प बसायचं.)

साचे असूनही माणसं बोलायची थांबत नाहीत. कोरी भिंत, पुढे काही नाही, आणि जमिनीवर लिहिलेलं, ‘पुढे गुप्त वाट’. तुम्ही तलवार काढून भिंत बडवता. काही होत नाही. शेजारी दुसरा संदेश, ‘पुढे खोटारडा आहे’. हा दुसरा संदेश लिहिणारा मला फार आवडतो. तो स्वतः फसला, चरफडला, आणि मग मागून येणाऱ्यासाठी क्षणभर थांबला. एका चर्चमध्ये हत्तीच्या आकाराचं, धर्मगुरूची टोपी घातलेलं एक कासव आहे. अत्यंत विद्वान, अत्यंत शांत. त्याच्यापुढे जगभरच्या लोकांनी एकमतानं लिहून ठेवलंय, ‘कुत्रा’. एवढ्या मोठ्या खेळात एवढं मतैक्य दुसऱ्या कशावरही झालेलं नाही.

आणि कड्याच्या टोकावर असतं, ‘उडी मारून पाहा’. भोवती रक्ताचे डाग पसरलेले. डागाला हात लावला की तिथे मेलेल्या माणसाचे शेवटचे क्षण दिसतात. एक जण धावत येतो, थांबतो, वाचतो आणि उडी मारतो. दुसरा येतो, वाचतो, उडी मारतो. पुरावा पायाशी पडलेला असूनही माणसं उडी मारतात, कारण दहांतल्या एखाद्या कड्याखाली खरोखरच पेटी ठेवलेली असते. भिंतींचंही तसंच. खेळ आल्यानंतर काही आठवड्यांनी कुणीतरी शोध लावला की ज्वालामुखीवरच्या वाड्यातली एक भिंत एका घावानं उघडत नव्हती, तिला पन्नासेक घाव घालावे लागत. पन्नास! हे शोधणारा माणूस घरी काय करत असेल, हा विचार मी टाळतो. पण त्या दिवसापासून कुठलाही खोटारडा खात्रीनं खोटारडा राहिला नाही. तुम्ही वीस घाव घालून कंटाळलात, हा तुमचा दोष.

या जमिनीवरच्या मतांची मला किंमत वाटते ती यासाठी, की ती लिहायची तर तिथवर पोहोचावं लागतं. मलेनियाच्या दारासमोर ‘पुढे दुःख’ लिहायचं, तर आधी ते दार गाठावं लागतं. खोटं बोलायचं असलं तरी तिथवर चालत, मरत, पुन्हा उठत जावं लागतं. पहिल्या तासात खेळ सोडून दिलेल्या माणसाचं शेवटच्या किल्ल्याबद्दलचं मत तिथे सापडत नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी या खेळांमुळे पिढी बिघडते असं दर सभेत सांगतात. त्यांचाही संदेश मला अजून कुठल्या किल्ल्यात दिसलेला नाही. दिसला तर मी आदरानं वाचीन.

तेव्हा तुम्ही हा खेळ घेतलात तर एवढं करा. सोवळ्याकडे लक्ष देऊ नका. ढाल घ्या, जादू घ्या, राख उधळा, मडकंवाला भेटला तर त्यालाही बोलवा. आणि जमिनीवरचा संदेश वाचलात की त्याला पसंती देत जा, खोटा असला तरी द्या. कारण खेळात अशी सोय आहे की तुम्ही पसंती दिलीत की लिहिणारा जगात जिथे कुठे खेळत असेल, तिथे त्याचं रक्त भरतं. आणि या खेळात कुठल्याही क्षणी तो मरायलाच टेकलेला असतो.