चमचा उभा राहिला पाहिजे

कोल्हापुरात माणसानं नाष्टा केला की नाही हे त्याला विचारावं लागत नाही, कपाळाकडे बघितलं की कळतं. कपाळावर घाम, नाक ओढणं चालू आणि बोटांना तर्रीचा रंग, म्हणजे गडी मिसळ खाऊन आलाय. आता दुपारपर्यंत त्याच्याशी उधारीचं बोलायलाही हरकत नाही. पुण्याकडे मिसळीबरोबर पाव देतात, आमच्याकडे ब्रेडच्या स्लाईस. कट शोषून घ्यायचं काम स्लाईस ज्या इमानानं करते त्या इमानानं पाव करत नाही, असं माझं मत आहे आणि ते मी पुण्यातही मांडलेलं आहे. तुम्ही फडतऱ्यांकडे रांग लावा, चोरग्यांकडे लावा नाहीतर बावड्याला जा, कायदा एकच: नाष्टा गरम पाहिजे, तिखट पाहिजे आणि कट मागू तितका मिळाला पाहिजे.

अशा गावात, तेही मंगळवार पेठेत, आमच्या घरी सकाळी साडेसातला गोठवलेल्या फळांचा गारढोण लगदा वाडग्यातून खायची पद्धत पडलेली आहे. शेजारीपाजारी अजून बोलतात आमच्याशी.

मुलगी पुण्यात नोकरीला असते. घरून काम करायचं म्हणून ती आली आणि येताना ही स्मूदी बोलची टूम घेऊन आली. "पप्पा, हे प्यायचं नसतं, चमच्यानं खायचं असतं. घट्ट पाहिजे," एवढंच ती म्हणाली आणि घट्ट म्हटल्यावर मी पेपर खाली ठेवला. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून, डोळ्यांदेखत धार काढून घेतल्याशिवाय दुधावर विश्वास न ठेवणारं हे गाव. पातळपणाबद्दल आम्ही जन्मजात संशयी. पदार्थ घट्ट असल्याशिवाय चालतच नाही म्हटल्यावर त्यात काहीतरी तथ्य असणार.

पहिला विरोध फ्रीजरनं केला. कोल्हापुरी घरातला फ्रीजर रिकामा नसतो. आमच्यात मटार होते, खवलेलं ओलं खोबरं होतं, रविवारच्या मटणाची राखीव जागा होती आणि एक स्टीलचा डबा होता, जो उघडायचं धाडस घरात कुणी करत नाही. त्यातून वाट काढून मुलीनं केळ्याच्या चकत्यांचं ताट आत सरकवलं. आई देवघरातून बघत होती. "केळं फ्रीजात? कुणाला गरमी झालीया, केळ्याला?" तिनं विचारलं. आईचा आक्षेप आयुर्वेदापासून सुरू होऊन सुनेच्या माहेरापर्यंत जाऊ शकतो, म्हणून बायकोनं लगेच तिच्या हातात चहाचा कप दिला.

पण सगळी मेख त्या केळ्यातच आहे, हे मी आता अनुभवानं सांगतो. कलिंगडात दहातले नऊ भाग पाणी. ते गोठवून फिरवलं की निव्वळ बर्फाचा चुरा, वर सरबत घातलं तर गोळाच. केळ्याची तऱ्हा वेगळी. पिकताना त्यातल्या पिठाची साखर होत जाते आणि साखर मुरलेलं पाणी तसं कडक गोठत नाही. त्यात केळ्याचा गर मुळातच चिकट. म्हणून गोठलेलं केळं फिरवलं की दुधाचा थेंब नसताना साय घातल्यासारखं मऊ होतं. त्यासाठी केळं सालीवर काळे ठिपके आलेलं हवं. कपिलतीर्थच्या मंडईत असली केळी संध्याकाळी निम्म्या भावात मिळतात. विकणारी मावशी आधी माझ्याकडे दयेनं बघायची, हल्ली बाजूला काढून ठेवते. जवारी केळं मिळालं तर उत्तम, वेलचीही चालतं. साल मात्र गोठवण्याआधीच काढायची. सालीसकट गोठवलेलं केळं सोलायला सुतार बोलवावा लागतो. आणि चकत्या ताटात सुट्या मांडायच्या, एकमेकींना चिकटल्या की त्यांची जी वीट तयार होते तिच्यापुढे मिक्सर हात टेकतो.

मिक्सरचं तर वेगळंच प्रकरण. भारतीय मिक्सर हा मसाल्यासाठी जन्माला आलेला प्राणी. 1960 च्या दशकात सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरनं आपल्या बायकोसाठी, म्हणजे माधुरी माथुरांसाठी, सुमीत मिक्सर बनवला तो यासाठीच की परदेशी यंत्राला आपलं वाटण-दळण झेपेना. सुकं खोबरं, धणे, भिजलेली डाळ यांना आपला मिक्सर भीत नाही. पण कोल्हापुरी घरात त्याच्या भांड्यानं आयुष्यभर एकच धर्म पाळलेला असतो: कांदा, लसूण, खोबरं. झाकणाची रबरी रिंग कितीही घासा, लसूण तिच्यात वस्तीला असतो. त्या भांड्यात स्ट्रॉबेरी-केळं फिरवलं की पहिल्या चमच्याला महाबळेश्वर आणि गिळताना तांबडा रस्सा. आईला तेवढं एकच आवडलं. शेवटी फळांसाठी वेगळं भांडं आणलं. त्यावर बायकोनं खडूनं 'गोड' असं लिहिलं आणि धुणाऱ्या बाईंनी ते पहिल्याच दिवशी पुसून टाकलं.

आता घट्टपणा. मिक्सर सुरू केला की पात्याजवळच्या चकत्या भरडल्या जातात, आवाज खर्जात असतो आणि तुम्हाला वाटतं जमलं. मग आवाज एकदम वर चढतो. पात्यांभोवती पोकळी झाली, पाती हवेत फिरताहेत आणि वरच्या चकत्या जागच्या जागी बसून गंमत बघताहेत. हा मोहाचा क्षण. हात आपोआप दुधाच्या पातेल्याकडे जातो. अर्धी वाटी दूध घातलं की सगळं सुरळीत फिरतं आणि पदार्थ संपतो, उरतो तो मिल्कशेक. तो राजारामपुरीत कुठल्याही ज्यूस सेंटरवर मिळतो आणि त्यासाठी पहाटे उठायची गरज नाही. खरी रीत अशी की मिक्सर बंद करायचा, झाकण काढायचं, चमच्यानं वरचं खाली दाबायचं, झाकण लावायचं, एक झटका द्यायचा आणि पुन्हा बंद. दोन चमचे चक्का चालतो, त्यापुढे नाही. मध्येच मोटर तापून मिक्सर गप्प होतो. अशा वेळी नवशिके इलेक्ट्रिशियनला फोन करतात. जाणता माणूस मिक्सर थंड होऊ देतो, तो आडवा करतो आणि बुडाखालचं लाल बटण दाबतो. तोवर भांडं फ्रीजरमध्ये ठेवायला विसरू नये, नाहीतर एवढी मेहनत भांड्याच्या तळाशी पाणी होऊन बसते.

ह्या धडपडीच्या आवाजानंच वस्ताद आले. आमच्या शेजारी राहतात. एके काळी फडात नाव काढलेले, आता तालमीत पोरं तयार करतात. खिडकीतून विचारलं, "सायेब, काय दळालायसा एवढ्या सकाळचं?" मी वाडगा दाखवला. त्यांनी आत येऊन चमचा घेतला, मधोमध रोवला आणि सोडून दिला. चमचा उभा राहिला. वस्तादांनी पापणी न हलवता थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं. "चमचा उभा ऱ्हातोय म्हंजे माल खरा हाय. कुणाचा खुराक ह्यो?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं याचा मला आजही अभिमान आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात असाई नावाचं ताडाच्या जातीचं झाड असतं. त्याची जांभळी, बोराएवढी फळं. तिकडचे लोक त्याचा गर साखरेशिवाय, तळलेल्या माशाबरोबर आणि कसाव्याच्या भरड पिठाबरोबर खातात, म्हणजे पदार्थाची सुरुवात आपल्यासारखी मांसाहारीच. पुढे तो गर गोठवून रिओ द जानेरोला जायला लागला आणि तिथं त्याला नावारूपाला आणलं ग्रेसी घराण्यानं. हे घराणं जिउ-जित्सूचं, तिकडचे कुस्तीगीरच म्हणायचे. मातीऐवजी चटई, लांगेऐवजी डगला, एवढाच फरक. त्यांनी हा गर केळं घालून खुराक म्हणून खाल्ला, मग समुद्रावर लाटा खेळणाऱ्यांनी उचलला, मग कॅलिफोर्नियानं, मग मोबाईलनं आणि शेवटी माझ्या मुलीनं.

"म्हंजे पैलवानाचाच की!" वस्ताद खुर्चीवर नीट बसले. इतका वेळ ते अर्धे दारात होते.

मग मात्र वस्तादांनी माझी उलटतपासणी घेतली. ह्यात बदाम कुठाय? खसखस? मिरी? कोल्हापूरच्या तालमीत थंडाई घोटली जायची ती दगडी कुंडीत. भिजवून सोललेले बदाम, खसखस, मगज, बडीशेप, वेलदोडे, गुलाबाच्या पाकळ्या आणि लाकडी दांडा. तासभर घोटायचं, आणि घोटणं हाच निम्मा व्यायाम. एकसंब्याहून येऊन कोल्हापुरात घडलेले श्रीपती खंचनाळे 1959 साली पहिले हिंदकेसरी झाले, ते कुठल्या मिक्सरच्या जोरावर, असा वस्तादांचा सवाल होता. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घोटलेल्या बदामाला जी साय सुटते ती पात्यानं कापलेल्या बदामाला सुटत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. मुलीनं तेवढ्यात "आल्मंड बटर" असं म्हटलं, पण तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

असाईची पूड ऑनलाईन मिळते. भाव बघून बायको म्हणाली, एवढ्यात घरादाराचं मटण होतंय. म्हणून आम्ही मृगाच्या सुमारास जांभळं आणली. असाईचंही जांभळासारखंच, बी मोठी आणि गर नावाला. जांभळं चाळणीवर चोळून गर काढायचा, तो बर्फाच्या ट्रेमध्ये लावायचा आणि केळ्याबरोबर फिरवायचा. रंग असा येतो की ब्राझीलवाल्यानं ओळखू नये. तुरट चव केळ्याच्या गोडीला ताळ्यावर आणते. फक्त दोन दिवस बोटं आणि जीभ बघून लोक तब्येतीची चौकशी करतात. पन्हाळ्याची करवंदंही घालून बघितली, पण त्यांचा चीक मिक्सरच्या पात्याशी जे नातं जोडतो ते घासणीनं तुटत नाही.

वरच्या सजावटीबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तो भाग मला पटलेला नाही. मुलगी फळांच्या फोडी ओळीत मांडते, काजूची ओळ, सब्जाची ओळ, मग खिडकीजवळ नेऊन फोटो. उन्हाळ्यात फोटो होईस्तोवर किनारा सुटायला लागतो. इतका खटाटोप करून घट्ट केलेला पदार्थ कॅमेऱ्यासाठी वितळू द्यायचा, हे कुठल्या शास्त्रात बसतं? ग्रॅनोला म्हणून जे पाकीट आलं होतं त्याला आईनं कोंडा म्हणून बाजूला सारलं आणि राजगिऱ्याचा लाडू वर कुस्करला. तो गारव्यातही कुरकुरीत राहतो, ग्रॅनोला राहत नाही. वजन कमी करण्यासाठी हे खाणाऱ्यांनी केळी, आंबा, काजू आणि लाडू यांची बेरीज मात्र करू नये.

आई अजून घरच्यांसमोर खात नाही. "मी असलं गार तोंडाला लावत न्हाई, मी आपला च्या पितो." पण एकदा आम्ही सगळे बाहेर असताना वाडगा रिकामा झाला होता. विचारल्यावर म्हणाली, "त्यात काय एवढं? कॉकटेलच की, आईस्क्रीम काढून घेतलेलं." परगावच्या वाचकांनी दचकू नये. कोल्हापुरात कॉकटेल म्हणजे सोळंकींकडे मिळतं ते: फळांच्या फोडी, सुकामेवा आणि आईस्क्रीम. लहान मुलंही हक्कानं मागतात आणि रात्री जेवण झाल्यावर सहकुटुंब जाऊन खातात. आईच्या मते आम्ही रात्रीचा पदार्थ सकाळी खातो, एवढाच आमचा गुन्हा.

वस्तादांनी मात्र प्रकरण अंगावर घेतलंय. तालमीतल्या पोरांना सराव झाल्यावर हेच द्यायचं, केळ्यात कुंडीत घोटलेला बदाम घालून. मी हिशेब मांडला. तेवढ्या पोरांची केळी आमच्या फ्रीजरमध्ये मावायची तर मटणच काय, तो स्टीलचा डबासुद्धा उघडावा लागेल, आणि आमचा मिक्सर पहिल्या दोन पोरांतच चितपट होईल. वस्ताद म्हणाले, "मिक्सर कशाला? पॉट हाय की." म्हणजे आईस्क्रीमचा तो जुना लाकडी पॉट, भोवती बर्फ आणि खडे मीठ, मध्ये डबा आणि वर दांडा. मीठ पडलं की बर्फ शून्याच्याही खाली गार होतो, आणि गर फिरत-फिरत गोठत असल्यामुळं खडे धरत नाहीत. माझी शंका एवढीच होती की गर घट्ट झाला की दांडा फिरत नाही, आमच्या लहानपणी आम्ही तिथंच हरायचो.

"पोरं काय बगत बसणार हैत व्हय?" वस्ताद म्हणाले. "फिरवतील आळीपाळीनं. जोर-बैठकांत धरू ते." पॉट भाड्यानं देणारा एक जण सापडलाय. पॉटला अनामत मागतोय तो, आणि दांडा मोडला तर वेगळे पैसे. पैलवानांचं नाव ऐकल्यावर त्यानं ते वेगळे पैसे दुप्पट केले.