रिसोड जंक्शन

नातीला कोणत्या शाळेत घालायचं, हे सूनबाईने मला विचारलंच नव्हतं. ती माझ्या मुलाला विचारत होती. पण ज्याचं शिक्षणविषयक पत्र वर्तमानपत्रात छापून आलंय असा माणूस घरात बसलेला असताना मुलाला काय विचारायचं? दुसऱ्याच दिवशी मी बाजारातून लांबोडकं रजिस्टर आणून रकाने आखले. पहिल्या पानावर वळणदार अक्षरात लिहिलं, ‘रिसोड व परिसरातील जिल्हा परिषद प्राथमिक शाळांचा तौलनिक अभ्यास’. खाली सही ठोकली. अभ्यास तेवढा व्हायचा होता.

पिवळ्या व्हॅनच्या इंग्रजी शाळा यादीत घेतल्या नाहीत. त्यांची तुलना फीवरच होते, तिला रजिस्टर लागत नाही.

तुलनेचं हे वेड माझ्या एकट्याचं नाही. आमचा वाशीम जिल्हा 2018 साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत गेला, तेव्हापासून अख्ख्या जिल्ह्याचाच नंबर लागतो. शाळांचं तर विचारूच नका. अकरा आकडी यूडायस क्रमांक, शाळासिद्धीची 46 मानकं, ‘माझी शाळा, सुंदर शाळा’ची स्पर्धा, वर फाटकाशी आयएसओची पाटी. सरकारने एवढं मोजल्यावर माझ्या वाट्याला काय उरणार, अशी धास्तीच वाटली होती. पण एक गोष्ट सरकारच्या नजरेतून सुटली होती. आगगाडी.

रिसोडला रेल्वे नाही. गाडी बघायची तर एस.टी.ने वाशीम गाठायचं, आणि तिथेही 2008 पर्यंत मीटरगेजच होती. पण शाळांच्या बोलक्या भिंतींवर बघावं तिकडे आगगाडी! वर्गाचं दार म्हणजे डब्याचं दार, खिडकी म्हणजे खिडकी, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीवर इंजिन. एका शाळेत इंजिनातून काळाकुट्ट धूर निघतो आणि त्याच धुरातून विजेची तारही जाते. दुसरीकडे वंदे भारत काढायला घेतली, पण नाक काढायच्या आत भिंत संपली. मग ते नाक कोपऱ्यावरून वळवून मुलांच्या मुतारीवर नेलंय. एके ठिकाणी खिचडीच्या शेडवर ‘पॅन्ट्री कार’ लिहिलेलं आहे. त्या कल्पकतेला मी दहापैकी नऊ दिले. दहावा का कापला, तर गार्डाचा डबा नव्हता. गार्डाचा डबा कोणत्याच शाळेत नाही! लाल-हिरवं निशाण दाखवणाऱ्याशिवाय एवढ्या गाड्या धावतात कशा, यावर मी रजिस्टरात दीड पान खर्ची घातलं. सगळ्या गाड्यांची तोंडं डावीकडेच कशी, यावर आणखी एक. सगळ्या एकाच पेंटरच्या हातच्या असाव्यात, असा माझा निष्कर्ष आहे.

आगगाडी आटोपल्यावर वाचन. ‘असर’ या शिक्षण-पाहणीवाले घरोघर जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. मीही उतारा नेला होता. माझंच छापून आलेलं पत्र. चौथीतल्या एका पोराने ते धडाधड, स्वल्पविरामाला थांबत वाचून काढलं. मी कौतुकाने सरांकडे बघितलं. पोराने कात्रण उलटून मागची बियाण्याची जाहिरातही वाचली आणि विचारलं, “आबा, जाहिरातीतलं समजलं. पुढच्या बाजूनं काय सांगतलं हाय?”

सर खिडकीबाहेर बघू लागले.

शेवटची शाळा दोन शिक्षकांची, वर्ग चार. मार्चची सकाळपाळी होती. सर मतदारयादीच्या कामाला गेलेले. बाईंनी खुर्ची दोन खोल्यांमधल्या दारात ठेवली होती, उंबरठ्याच्या अलीकडे दोन पाय, पलीकडे दोन. डावीकडे पहिली-दुसरीचे पाढे, उजवीकडे तिसरी-चौथीचं शुद्धलेखन. मान सारखी इकडून तिकडे. मांडीवर मोबाईल, कारण आज किती मुलं जेवली ते ॲपवर भरायचं होतं आणि रेंज दारातच येत होती. पाढ्यात कुणी चुकलं की फोनवरची नजर न काढता त्या पोराचं नाव घ्यायच्या. मी अर्धा तास उभा होतो. भिंतीवरची गाडी बघायचं राहूनच गेलं.

शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नका, असं शिक्षण हक्क कायद्याचं 27 वं कलम सांगतं, आणि त्याच दमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून देतं. निवडणुका आपल्याकडे किती आणि त्यांच्या याद्या किती वेळा! मास्तर गल्लोगल्ली नावं तपासत फिरणार, आणि वर्षाअखेर आम्हीच विचारणार, पोरांना भागाकार का येत नाही? मला राग आला. तो कोणत्या रकान्यात लिहावा, कळेना.

सूनबाई तोवर त्या शाळेत जाऊन आलीही होती. तिने बाईंना एकच विचारलं, “तुमची बदली कधी आहे?” बाई म्हणाल्या, अजून तीन वर्षं तरी नाही. झालं. नाव घातलं.

उन्हापायी विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात. आमची जूनअखेर उघडली. पुढे शाळा व्यवस्थापन समिती बसली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक लागतात. सूनबाई बिनविरोध. उरलेल्यांत एक जागा स्थानिक शिक्षणतज्ज्ञाची असते, हे मला आधीच ठाऊक होतं. कात्रण आणि रजिस्टर काखेत मारून मी पहिल्या रांगेत बसलो. जागा पेंटरला गेली. “त्यांचं काम निदान भिंतीवर दिसतं,” असं कुणीसं म्हणालं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सभा संपल्यावर मी त्याला गाठून गार्डाच्या डब्याचं विचारलं.

“डोक्यात होता, आबा,” तो म्हणाला. “पण डब्याचे पैसे वेगळे पडतात.”