संन्याशाचं बिऱ्हाड

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मी सेमाडोहला तीस वर्षं शिकवली. विंचवाच्या पाठीवर खरं तर काहीच सामान नसतं, हे लक्षात आलं ते गेल्या मे महिन्यात. खरोखरचं बिऱ्हाड पाठीवर घेतलेला पाहुणा तेव्हा अकोल्याच्या भाच्यासोबत यष्टीतून उतरला.

“मामा, हर्मिट क्रॅब! मुंबईच्या दुकानातून आणला.”

प्लॅस्टिकच्या डब्यात चेंडूसारखा लालभडक रंगवलेला शंख होता आणि त्यातून देठावरचे दोन डोळे आमच्याकडे बघत होते. दुकानदारानं सांगितलं होतं, रोज दोन थेंब पाणी टाका, बस्स. हर्मिट म्हणजे संन्यासी, हे कळल्यावर बायको म्हणाली, “बरं झालं. याचं तरी काही करावं लागणार नाही.”

दुसऱ्या दिवशी संन्यासी शंखातून अर्धा बाहेर लोंबत होता. खेकडा तो, पाण्यातच बरा, म्हणून भाचा त्याला बादलीत सोडायला निघाला. तेवढ्यात शेजारचे कोरकू आजोबा आले. त्यांची हयात सिपना नदीत खेकडे धरण्यात गेलेली. त्यांनी आधी रीतसर चौकशी केली, “मास्तर, एवढ्याशाचा रस्सा कितीजनाले पुरन?” मग डब्यात बोट फिरवलं आणि गंभीर झाले. “बुडवू नका. याले पानी नाई, ओल पायजे. बिळातली ओल.”

अमरावतीला प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मित्रानं फोनवर हेच निदान कायम केलं. आमच्याकडे रेंज मिळते ती गच्चीच्या एकाच कोपऱ्यात, त्यामुळे हे शास्त्र मी भर उन्हात एका पायावर उभं राहून ऐकलं. या खेकड्यानं जमिनीवर संसार थाटला, पण कल्ले सोडले नाहीत. कल्ले ओले असतील तोवरच हवेतला प्राणवायू त्यांत विरघळून रक्तात जातो. म्हणून तो शंखात घोटभर पाणी बाळगून असतो. कल्ल्यांच्या कप्प्याचं अस्तर आणि पोटाची मऊ कातडी श्वासाला हातभार लावतात, पण त्यांनाही ओल लागतेच. पाण्यात कोंडला तर बुडून मरतो, कोरड्या हवेत गुदमरून.

वऱ्हाडी माणसाला हे समजायला पुस्तक नको. कूलरचा वाळा सुकला की पंखा कितीही गरगरो, अंगावर येतो तो फुफाटाच.

मग मागण्यांची यादी सुरू झाली. हवेत 75 ते 80 टक्के ओल हवी. आमच्या मे महिन्यातल्या दुपारी ती जेमतेम वीस टक्के असते. तापमान 24 ते 29 अंश, म्हणजे आमची पहाटेची झुळूक! पाण्याच्या दोन वाट्या, एक गोडी आणि एक खारी. खारी वाटीही घरच्या मिठाची चालत नाही, सागरी मत्स्यालयाचं मीठ लागतं. ते मित्रानं यष्टीनं पाठवलं. गोड्या पाण्यात क्लोरीन नको, ही एकच अट आमच्या हापशीनं आपसूक पुरी केली. शिवाय खोल ओली वाळू, बदलायला मोठे रिकामे शंख, आणि सोबतीला चार-दोन भाऊबंद, कारण हा संन्यासी कळपानं राहतो! भाऊबंदांना मी हात जोडले. बाकी सगळं काचेच्या झाकणबंद पेटीत मांडलं आणि खाली सिपनेची वाळू भरली.

आठवड्यानं पाहुण्यानं त्या वाळूत समाधी घेतली. भाचा रडला, सुट्टी संपली तसा अकोल्याला गेला. जाताना समाधी उकरून बघायचं म्हणत होता. मित्र फोनवर ओरडला, “हात लावू नका! कात टाकतोय!” कात टाकताना अंग लोण्यासारखं मऊ होतं, अशा वेळी उकरलं तर मरतो. टाकलेली कात स्वतःच खाऊन तो नवं कवच घट्ट करतो. तोवर महिना जावो की दोन, आपण फक्त वाळू ओली ठेवायची.

जूनच्या अखेरीस मेळघाटात पाऊस लागला. भिंतींना ओल आली, पापड मऊ पडले, आणि एका रात्री काचेवर खुडखुड ऐकू आली. संन्यासी वर आला होता, थोडा थोराड होऊन. बायकोनं शोकेसमधला गोल तोंडाचा एक साधा शंख त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो नांगीनं आतून चाचपला, उलटापालटा केला, आणि क्षणार्धात गुलाबी, वाकडं, उघडं पोट त्या रंगीत शंखातून काढून नव्यात घातलं. इतक्या घाईनं तर यष्टीत खिडकीची जागाही कोणी धरत नाही.

तो शंख आम्ही वीस वर्षांपूर्वी गुहागरहून उचलून आणला होता. शोकेसमध्ये अजून चार आहेत. आमच्यासाठी ती शोभा, पण किनाऱ्यावर राहिली असती तर कुणाची तरी घरं झाली असती. आणि दुकानातला जवळजवळ प्रत्येक संन्यासी किनाऱ्यावरून धरून आणलेला असतो, कारण याची पिल्लं समुद्रात वाढतात. पेटीत याचा वंश वाढवणं महाकठीण.

तेव्हा समुद्रावर गेलात तर पाय ओले करा, मासळी खा. शंख मात्र तिथंच राहू द्या, आणि त्यातला संन्यासीही.