रजेचं कारण : डुकराची शिकार

आमच्या ऑफिसच्या रजेच्या फॉर्मवर दोन रकाने असे आहेत की ते भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही : 'दिनांक' आणि 'कारण'. बाकीच्या कोकणाला त्यांचा जाच नाही. कुणकेश्वरची जत्रा महाशिवरात्रीला. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघायचं आणि जानेवारीतच अर्ज टाकून मोकळं व्हायचं. माझं आजोळ मात्र मसुऱ्याचं, म्हणजे जत्रा आंगणेवाडीची, आणि भराडीदेवीच्या जत्रेला तिथी नाही. वार नाही, नक्षत्र नाही, पंचांगात पत्ता नाही. दिवाळी सरते, शेतीची कामं आटोपतात, मग देवीला कौल लावतात. परंपरा अशी की गावाने पारधीला जायचं, डुकराची शिकार साधायची आणि त्यानंतरच देवीच्या कौलाने तारीख मुक्रर करायची. बहुतेक फेब्रुवारी, नाहीतर मार्च. यापेक्षा नेमकं काही कळायचं असेल तर थांबायचं.

साहेबांना हे एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला.

"तारीख कोण ठरवतं?"

"देवी."

"कधी?"

"शिकार झाल्यावर."

"कसली शिकार?"

"डुकराची."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि डुक्कर मिळालं नाही तर?"

हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी विचारलेला नाही. मी मामाला फोन लावला. मामा म्हणाला, "तुझ्या सायबाक सांग, डुकरान अजून रजा मंजूर करूक नाय."

यातला दुसरा गुंता रेल्वेचा. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, तेव्हा देवीचा कौल व्हायच्या आतच गाड्या भरलेल्या असायच्या. नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली. रेल्वेने त्याची कारणं काहीही दिली असोत, आमच्या वाडीत ती देवीचीच करणी समजली जाते. कोकण रेल्वे जादा गाड्याही सोडते. कणकवलीला उतरणाऱ्या प्रत्येक डब्यात एक तरी माणूस असा असतो, की जो तिकीट असलेल्यांना सरकून बसायला सांगतो आणि वर "देवीकच चल्लंव ना सगळे?" असं विचारतो. त्यावर नाही म्हणायची कुणाची टाप नसते. रस्त्याने जायचं म्हटलं तर मुंबई-गोवा महामार्ग आहेच. त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. ते पुरं कधी होणार याचा कौल मात्र भराडीदेवीला लावायची अजून कुणाची हिंमत झालेली नाही.

घरी पोचल्यावर पहिला प्रश्न येतो, "कधी इलंस?" पिशवी खाली ठेवेपर्यंत दुसरा येतो, "कधी जातलंस?" बाहेरच्या माणसाला हा हाकलून लावण्याचा प्रकार वाटतो. पण त्यात मामीचा हिशेब असतो : किती वेळचं जेवण, किती सोलकढी, आणि कोंबडा आज कापायचा की जत्रेनंतर.

जत्रा दीड दिवसाची. त्या दीड दिवसात लाखो माणसं त्या माळावरून जातात. 'भरड' म्हणजे कातळाचा उघडा माळ, आणि तिथल्या पाषाणात प्रकटली म्हणून ती भराडी. रांगा पहाटेच सुरू होतात. नवसवाल्या बाया ओट्या घेऊन उभ्या, त्यांच्यामागे नवरे नारळ घेऊन उभे, आणि नारळवाल्यांच्या मागे मोबाइल उंच धरलेली पोरं. वाटेवर दुतर्फा फलक. एरवी एका मंचावर न बसणारे सगळ्या पक्षांचे पुढारी इथे एकाच दिवशी हात जोडून स्वागताला उभे असतात, निदान फलकांवर तरी. दर्शन घेऊन बाहेर पडलेल्या प्रत्येक मंत्र्याला पत्रकार विचारतात, "देवीकडे काय मागितलंत?" उत्तर ठरलेलं : राज्यातली जनता सुखी राहू दे. शेजारी ओटी भरून आलेली एक म्हातारी हे ऐकून म्हणाली, "मिया झिलासाठी एक नोकरी मागलंय. ह्येंचा आधी झाला तर माझा कशाक ऱ्हवतला?"

पण मला विचाराल तर जत्रेतला खरा चमत्कार पाळण्यात नाही, भाषणात नाही आणि रांगेतही नाही. तो आंगण्यांच्या स्वयंपाकघरात घडतो. देवीचा नैवेद्य तिथल्या बायका रांधतात आणि तो रांधताना तोंडातून शब्द काढत नाहीत. मालवणी घर, चुलीवर भात, दारात मुंबईचे पाहुणे, आणि सगळं चिडीचूप! आमच्याकडे दोन माणसं मुकाट जेवली तर गावात भांडणाची बातमी फुटते. रात्री ओट्या थांबतात, गर्दी मागे सरते आणि मौन पाळलेल्या त्या बायका नैवेद्याची ताटं घेऊन देवळाकडे येतात. त्या वेळी लाखभर मालवणी माणसं एकत्र असूनही आवाज उतरतो. हे एकट्या देवीलाच जमतं, आमच्या मामीला नाही.

नंतर खाजं. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, वर गुळाचा पाक आणि त्यात आलं. ऑफिसात नेलं की साहेब सगळ्यात आधी मूठ भरतात. पुढच्या वर्षीच्या रजेची बोलणी मी त्याच क्षणी उरकतो, कारण खाजं दाढेत असताना माणसाला 'नाही' म्हणता येत नाही.

तुम्हाला यंदा यायचं असेल तर तारखेसाठी मला फोन करू नका, मामालाही नको. तारीख जाहीर झाली की ती मुंबईतल्या मालवणी माणसाच्या मोबाइलवर लगेच येऊन थडकते, आणि असा एक तरी तुमच्या इमारतीत असतोच. त्याला विचारा. तिकीट मात्र त्याच्या आधी काढा.