पूर ओसरताच दारात येणाऱ्या क्लेमवाल्यास

क्लेमवाले साहेब,

गोदावरीचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलं की नाशिकच्या बाजारपेठेत माल वरच्या फळ्यांवर चढू लागतो. २ ऑगस्ट २०१६ चा पूर इथे कोणी विसरलेलं नाही. पाणी ओसरतं, आणि गाळ उपसून व्हायच्या आत तुम्ही दारात हजर!

माझ्या ओळखीच्या एका कापड दुकानदाराकडे असेच आलात. साड्यांचे गठ्ठे चिखलाने जड झालेले, बिलबुकाची पानं एकमेकांना चिकटलेली, आणि तुम्ही त्याच्यापुढे करारनामा सरकवलात. मिळेल त्या रकमेचा चौथा हिस्सा तुमचा, त्यापोटी सही केलेला कोरा चेक आधीच द्यायचा. वर सल्ला, की न भिजलेला मालही यादीत घाला. दाव्यात लबाडी सापडली तर खऱ्या नुकसानीचेही पैसे बुडतात, ही पॉलिसीतली अट मात्र त्याला वाचून दाखवली नाहीत. क्लेम नामंजूर झाला आणि तुमचा फोन लागेनासा झाला.

तुमच्या पाटीवर ‘विमा दावा तज्ज्ञ’ लिहिलंय. तज्ज्ञ कोणी ठरवलं तुम्हाला? नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरला १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ६४ यूएमनुसार परवाना लागतो. त्याने लबाडी केली तर तो परवाना जाऊ शकतो. तुमचं काय जातं? अमेरिकेत ग्राहकाच्या बाजूने दावा लढवणाऱ्यालाही बहुतेक राज्यांत परवाना घ्यावा लागतो. फ्लोरिडात तर आणीबाणी जाहीर झालेल्या वादळानंतर वर्षभर त्याला १० टक्क्यांवर फी घेता येत नाही. आपल्याकडे असा परवानाच नाही. विमा नियामक आयआरडीएआयने तो आणलाच पाहिजे.

आणि तुम्ही विकता तरी काय? विमा कंपनीने २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा, हे २०२४ पासूनचे नियमच आहेत. अहवालाची प्रत मागणं हा दुकानदाराचा हक्क. सर्व्हेअरचा आकडा अंतिम नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलंय. कंपनीने महिनाभर दाद दिली नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे ५० लाखांपर्यंतची तक्रार फुकट नेता येते. तिथे वकील नाही, दलाल नाही. ज्याचं नुकसान त्यानेच बोलायचं. म्हणूनच तुमच्या तोंडून त्या कार्यालयाचं नाव कधी निघत नाही.

त्या दुकानदाराचा चेक परत करा. पुढच्या पावसाळ्याआधी कापडपेठेपासून भांडी बाजारापर्यंत प्रत्येक शटरवर आम्ही विमा लोकपालाचा पत्ता चिकटवणार आहोत.

— बाजारपेठेतला एक नाशिककर